आधी भिंत, मग वायर, मग मशीन

डहाणूत मला खोली मिळाली ती इस्त्रीमुळे.

२०१५ साल होतं. नुकतीच पदवी हातात आली होती, नोकरी नव्हती, आणि डहाणूतल्या एका टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवायचं काम मिळालं होतं. आमचं गाव तलासरी तालुक्यात, वेवजीच्याही पुढे. तिथे घराच्या अंगणात उभं राहिलं की मोबाइल महाराष्ट्रात असतो आणि विहिरीपर्यंत गेलं की गुजरातमध्ये जातो. रोज येऊन-जाऊन करणं जमणार नव्हतं, म्हणून खोली शोधायला निघालो. चार घरं झाली. चारही ठिकाणी आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग पाडा, आणि मग 'कळवतो' म्हणाले.

पाचवं घर समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चिकूच्या वाडीला लागून होतं. दारात एक उंच, किडकिडीत गृहस्थ उभे होते. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर होता आणि पेन कानावर होतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "इस्त्री करून झाली की आधी बटण बंद करतोस की आधी प्लग काढतोस?"

मी गोंधळलो. खोटं सांगायला मला सुचलं नाही. म्हणालो, "आमच्या घरी इस्त्री नाही. तांब्यात निखारे भरतो आणि तांब्या शर्टावरून फिरवतो."

ते विचारात पडले.

"म्हणजे प्लगच नाही," ते म्हणाले. "उत्तम. सामान कधी आणतोस?"

मी त्या घरात जवळजवळ चार वर्षं राहिलो. माझं आडनाव त्यांनी दोन महिन्यांनी विचारलं, तेही माझ्या नावाचं टपाल आलं आणि घ्यायला मी घरी नव्हतो म्हणून.

या घरमालकांना मी काका म्हणू लागलो. ते एका हायस्कूल आणि ज्युनिअर कॉलेजमधून प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांनी मुलांच्या हातात लोलक, सेल आणि तारा दिल्या आणि संध्याकाळी मोजून परत घेतल्या. स्वतः बारावी नापास. "पण बारावीचे प्रयोग मी तीस वेळा पास झालोय," असं ते म्हणायचे. मला ते नावानं हाक मारत नसत. "काय ग्रॅज्युएट, जेवलास?" "ग्रॅज्युएट, टाकी भरली का बघ." सुरुवातीला मला ते टोचायचं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीसुद्धा झालेलं नव्हतं. तो शब्द थट्टेत वापरलेला ऐकला की कान गरम व्हायचे. पुढे एकदा बाजारात ते बोंबील घेत असताना मी मागून गेलो, तर ते कोळिणीला सांगत होते, "जरा मोठे दे गं. घरी ग्रॅज्युएट आहे." कोळीण म्हणाली, "मंग ग्रॅजवेटला काय काटे लागत नाय?" त्या दिवसापासून मला त्या हाकेचं काही वाटेनासं झालं.

त्यांच्या घरात एक शब्द बंद होता. 'बिघडलं.' पंखा बिघडला, मिक्सर बिघडला, असं कोणी म्हटलं की ते लगेच विचारत, "कोण म्हणतं? तू डॉक्टर आहेस? काय दिसलं ते सांग." पंखा फिरत नाही, असं म्हणायचं. मिक्सरचं बटण दाबलं तर आवाज येतो पण पातं फिरत नाही, असं म्हणायचं. एवढं म्हणेपर्यंत काकी चटणी पाट्यावर वाटून मोकळ्या होत.

काकी उंबरगावकडच्या. बोलताना मराठीतून गुजरातीत कधी जायच्या ते त्यांनाही कळायचं नाही. मला त्या दीकरा म्हणायच्या. काकांच्या पद्धतीवर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं, "दुसऱ्यांच्या घरमां वस्तू चालते. आमच्याकडे वस्तूची परीक्षा चालते."

परीक्षा म्हणजे अशी. मागच्या पडवीत भिंतीला एक वही टांगलेली होती. घरातल्या प्रत्येक यंत्राला त्यात दोन पानं. कधी आणलं, काय खाल्लं (म्हणजे वायर, ब्रश, पट्टा), कधी आजारी पडलं. प्रत्येक सॉकेटच्या वर कागदाची चिठ्ठी डकवलेली, तिच्यावर बारीक अक्षरात तपासल्याचा महिना आणि 'ठीक' असा शेरा. खिडकीच्या गजाला दोऱ्यानं एक नवा खिळा बांधलेला. महिन्याभरानं तो काढून ते डोळ्यांजवळ धरत आणि गंज किती चढला ते बघत. "डहाणूची हवा लोखंड खाते," ते म्हणत. "आधी खिळा खाते, मग तुमचा फ्रिज खाते. खिळा बघितला की फ्रिजचं वय कळतं." मग नवा खिळा बांधत.

काही बंद पडलं की ते लगेच हात लावत नसत. आधी घरातल्या सगळ्यांच्या जबान्या घेत. पडवीत एक लाकडी स्टूल होतं. त्याच्यावर साक्षीदारानं बसायचं, काकांनी समोर वही घेऊन उभं राहायचं. यंत्र बंद पडलं तेव्हा कोण कुठे होतं, आधी काय थांबलं, वास आला का. जबान्या झाल्या की तपासणी, आणि तिचा क्रम कधी बदलायचा नाही: आधी भिंत, मग वायर, मग मशीन. "लोक आल्या आल्या मशीनचं पोट फाडतात," ते म्हणत, "आणि दुखणं असतं भिंतीत."

त्यांचा आणखी एक नियम मला फार आवडायचा. ज्या यंत्राला हात लावायचा त्याचा प्लग काढून ते आपल्या करदोट्याला बांधत. वायर लांब नसेल तर यंत्र जवळ ओढत, पण प्लग कमरेलाच. "ज्याचा हात आत, प्लग त्याच्याच कमरेला," असं त्याचं सूत्र. कारण एकदा ते शाळेत पंपाच्या आत हात घालून बसले असताना कोणीतरी मदत म्हणून प्लग लावला होता. उजव्या अंगठ्याचं अर्धं नख तेव्हापासून उगवलंच नाही. गंभीर चेहऱ्यानं, टेबलफॅन शेपटीसारखा मागे ओढत ते पडवीतून अंगणात चाललेत, हे दृश्य बघून नवा माणूस हसायचा. आम्ही हसायचो नाही. सवय झाली होती.

बाजारातला एक मेकॅनिक एकदाच आमच्या घरी आला. काकींनी काका बाहेर गेलेले बघून त्याला फ्रिजसाठी बोलावलं होतं. दुर्दैवानं काका लवकर परतले. त्यांनी मेकॅनिकला स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "तुम्ही म्हणता गॅस गेला. कुठून गेला? कधी गेला? जाताना तुम्ही पाहिलात?" अर्ध्या तासानं तो आपली पिशवी उचलून म्हणाला, "काका, तुमचा फ्रिज चांगला आहे. माझंच डोकं गरम झालंय." फ्रिजची मागची जाळी धुळीनं भरली होती, एवढंच निघालं. ती काकांनी जुन्या टूथब्रशनं साफ केली. काकींनी दोन दिवस त्यांना चहा अर्धाच दिला.

आता त्या वॉशिंग मशीनचं सांगतो.

काकींचे गुडघे दुखू लागल्यावर ते मशीन घरात आलं होतं. समोरून गोल काचेचं दार असलेलं. दार एकदा लागलं की मशीन चालू असेपर्यंत उघडत नसे, आणि वीज नसली तर मुळीच उघडत नसे. ते पडवीत, स्टुलाच्या बाजूला ठेवलेलं होतं. २०१८ साल. मी एका सरकारी कार्यालयातल्या लिपिकाच्या जागेसाठी परीक्षा दिली होती आणि यादीत माझं नाव आलं होतं. सोमवारी सकाळी पालघरला मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहायचं होतं. ज्याचे मूळ कागद नसतील त्याचं नाव तिथल्या तिथे गाळणार आणि खालच्या माणसाला घेणार, हे पत्रात स्वच्छ लिहिलेलं होतं.

माझे मूळ कागद आईकडे गावी होते. आमचं घर कुडाचं. पत्र्याच्या पेटीत ठेवावं तर गंज, फळीवर ठेवावं तर उंदीर. म्हणून दहावीच्या गुणपत्रिकेपासून प्रत्येक कागद आईनं उशीत ठेवला होता. खताच्या गोणीच्या आत जी प्लॅस्टिकची पिशवी असते ती धुऊन, त्यात कागद घालून, पिशवीचं तोंड दिव्याच्या ज्योतीवर धरून तिनं चिकटवून टाकलं होतं. नवा कागद आला की कापायची आणि परत चिकटवायची. ती पिशवी जुन्या लुगड्याच्या घड्यांमध्ये ठेवून चारी बाजूंनी शिवलेली एक पातळ, हिरवी उशी. आई रात्री तिच्यावरच डोकं ठेवायची. मी फोनवर म्हटलं, "आई, कागद घेऊन ये." शनिवारी सकाळी ती तलासरीहून एसटीनं आली. काखेत उशी.

आईची डहाणूतल्या त्या घरी ही पहिलीच खेप. काकींनी तिला चहा दिला, नाश्ता दिला. एक गुजराती बोलत होती, दुसरी आमच्या बोलीत, आणि दोघींचं छान चाललं होतं. मी दाढी करायला गेलो. तेवढ्यात काकींनी माझ्या खाटेवरची चादर, माझे दोन शर्ट आणि "तुझ्या आईनं प्रवासात आणलेली, धुळीनं माखलेली बिचारी उशी" एकत्र गुंडाळून मशीनमध्ये टाकली. पाहुणीला धुतलेल्या उशीवर झोपवायचं, एवढाच त्यांचा हेतू होता.

मशीन सुरू झालं. आईनं असं यंत्र आधी पाहिलं नव्हतं. ती काचेसमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि बघत राहिली. मी दोनदा तिथून गेलो. दुसऱ्यांदा मला राहवलं नाही. हळूच म्हणालो, "आई, ऊठ ना तिथून. तो काय टीव्ही आहे? काकी काय म्हणतील?"

"तू तुझं काम कर," आई म्हणाली. नजर हलवली नाही.

मी खोलीत जाऊन शर्टाची बटणं तपासत बसलो. थोड्या वेळानं आईची हाक आली. तिचा आवाज ओळखीचा वाटला नाही. धावत गेलो. मशीन बंद पडलं होतं. त्याच्यावरचा दिवा गेला होता. काचेच्या मागे पाव भागापर्यंत साबणाचं पाणी होतं आणि चादरीच्या गुंडाळीतून सुटून, त्या पाण्यातून वर येऊन काचेला चिकटून बसली होती ती हिरवी उशी.

"पोरा," आई म्हणाली, "आपली उशी आत हाय."

मी दार ओढलं. हललं नाही. बटणं दाबली. काही नाही. घरातले पंखे चालू होते, म्हणजे वीज होती, मशीनलाच नव्हती. काकी आल्या, उशीत काय आहे ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी लगेच कोपऱ्यातला नारळ फोडायचा कोयता माझ्या हातात दिला. "दीकरा, काच फोड. मशीन गेलं खड्ड्यात."

मी कोयता उचललाही असता. पण काका दारात उभे होते.

"खाली ठेव," ते म्हणाले. "काच आत पडेल, उशी फाटेल, आणि जे कागद आता कदाचित कोरडे आहेत ते नक्की ओले होतील."

"काका, परवा सकाळी..."

"माहीत आहे. परवा सकाळी दहाला. आज बारा वाजलेत." त्यांनी प्लग उपसला, न बघता सवयीनं करदोट्याला बांधला, त्यावर शर्ट सोडला आणि मशीनसमोर उकिडवे बसले. "आधी पेशंटच्या पोटातलं पाणी काढू."

मशीनच्या पुढच्या अंगाला खाली एक छोटं झाकण असतं, त्यामागे गाळणी. काकांनी ती थोडी सैल केली. पाण्याची बारीक धार ताटात येऊ लागली. काकी ताट भरलं की मोरीत ओतत होत्या. काचेमागचं पाणी उतरलं, उशी मात्र काचेलाच चिकटून राहिली. मला वाटलं, आता तरी ते वरचं झाकण उघडून आतून कुलूप सोडवतील. त्यांना ते येत होतं. पण ते उठले आणि वही काढली.

"काका, जबान्या नंतर," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. त्या घरात तो पहिल्यांदाच चढला.

"का थांबलं हे कळल्याशिवाय मी पोटात हात घालत नाही," ते शांतपणे म्हणाले आणि अंगठा वर केला. त्या अर्ध्या नखाकडे बघून मी बाजूला सरकलो.

आधी भिंत. त्यांनी सॉकेटमध्ये टेस्टर घातला. टेस्टर पेटला. वरच्या चिठ्ठीवर त्यांच्याच अक्षरात 'ठीक' होतं. "भिंत ठीक," त्यांनी वहीत लिहिलं. मग काकींना स्टुलावर बसवलं.

"मी बटण दाबलं आणि वाल सोलायला बसले," काकी म्हणाल्या.

"किती सोलून झाले होते?"

"आता वाल कशाला मध्ये आणता?"

"वेळ कळतो."

"अर्धं पातेलं."

काकांनी लिहिलं, 'अर्धं पातेलं वाल, सुमारे पस्तीस मिनिटं.' मग मी बसलो.

"बंद पडलं," मी म्हणालो.

"कसं?"

"एकदम."

"दिवा आधी गेला की डबा आधी थांबला?"

"माहीत नाही."

"वास?"

"लक्ष नव्हतं."

"ग्रॅज्युएट, तू ह्याच घरात होतास ना?"

मी उठलो. आता ते मशीन उघडायला घेणार म्हणून मी स्क्रूड्रायव्हर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. आईकडे वळून ते म्हणाले, "आता तुम्ही या."

आई भिंतीला टेकून खाली बसली होती. मी मध्येच म्हणालो, "काका, तिला काय माहीत. तिनं मशीन आजच पाहिलंय."

"म्हणूनच," काका म्हणाले. "आम्ही बटण दाबून निघून जातो." आणि आईला, "बाई, साक्षीदार खाली बसत नाही. स्टुलावर बसा. सावकाश सांगा."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. ती स्टुलावर बसली, हात गुडघ्यांवर ठेवले आणि बोलू लागली.

"पहिलं पाणी आलं. मग डबा डावीकडं फिरला, थांबला, उजवीकडं फिरला. असं खूप वेळ. मग पाणी गेलं नि तो जोरात फिरला. पेटी हलायला लागली. पेटी हलली का लाल दिवा डोळा मिचकावायचा."

काकांचं पेन थांबलं. "किती वेळा?"

"पहिल्या खेपेला एकदा. दुसऱ्या खेपेला तीनदा. मग परत पाणी आलं, परत सावकाश फिरला. नि तवा दिवा गेलाच."

"दिवा आधी?"

"दिवा आधी. डबा मग अर्धा फेरा आपला आपण फिरला नि उभा राहिला. नि भिंतीत चर्र झालं."

"मशीनमध्ये?"

"नाय. भिंतीत. तेलात पापड सोडावा तसं. नि रबरी चप्पल चुलीत पडल्यासारखा वास आला."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"कोणी विचारलं?" आई म्हणाली.

काका वहीकडे बघत उभे होते. मग सॉकेटकडे गेले, नाक भिंतीला लावून वास घेतला. मेन स्विच बंद करायला मला सांगितलं आणि सॉकेटचं झाकण काढलं. आतला एक स्क्रू सैल होता. त्याच्या भोवतीची वायर काळी पडून भुगा होत आली होती. मशीन हललं की वायर सुटायची, परत टेकायची, आणि शेवटी जळून गेली होती. टेस्टर पेटला होता कारण टेस्टरला केसाएवढी वीज पुरते. मशीनला पुरत नाही.

"पण मग प्लगची पिनसुद्धा काळी असायला हवी," काका स्वतःशीच म्हणाले आणि जमिनीवर प्लग शोधू लागले. मशीनच्या मागे पाहिलं, बाजूला पाहिलं.

काकी ताट हातात घेऊन बघत होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "पुरावा तुमच्या कमरेला लटकतोय."

काकांनी शर्ट वर केला. करदोट्याला बांधलेल्या प्लगची एक पिन कोळशासारखी काळी होती आणि प्लॅस्टिक वितळून एका बाजूला झुकलं होतं. अर्धा तास ते ती घेऊन आमच्या जबान्या घेत फिरत होते. आईला हसू आलं. तिनं तोंडाला पदर लावला. मग काकी हसल्या, आणि त्या तसल्या वेळीही मला हसू आलं.

काका हसले नाहीत. त्यांनी सॉकेटवरची 'ठीक'ची चिठ्ठी नखानं खरवडून काढली. "स्क्रू मी बसवला होता," ते म्हणाले. "आरोपी मी." आणि वही काकींपुढे धरून स्वतः स्टुलावर बसले. "लिही."

"जबानी नंतर," काकी म्हणाल्या. "आधी पोराची उशी काढा."

त्यांच्याकडे डबाभर नवे प्लग होते. एक बसवला. जाड पिनांचं दुसरं सॉकेट फक्त स्वयंपाकघरात होतं, आणि तात्पुरती वायर ओढून जोडणं काकांच्या धर्मात नव्हतं. म्हणजे मशीनच आत न्यायचं. काका, मी आणि काकींनी ढकलून पाहिलं. ते वीतभर सरकलं. आईनं पदर कमरेला खोचला, आम्हाला बाजूला केलं, खांदा लावला आणि ते उंबऱ्यापर्यंत नेलं. उंबऱ्यावरून मात्र चौघांनी मिळून उचललं.

प्लग लावला. लाल दिवा लागला. काकांनी पाणी सोडायचं बटण फिरवलं, आतून पंपाची घरघर आली, थांबली. आम्ही चौघं स्वयंपाकघरात त्या काचेकडे बघत उभे. बऱ्याच वेळानं आत 'खट' झालं. मी दार ओढलं तर ते इतक्या सहज उघडलं की मी मागे पडलो.

आईनं ब्लेडनं टाके उसवले. लुगड्याच्या घड्या ठिबकत होत्या. आतली पिशवी बाहेर काढली. दिव्यावर चिकटवलेलं तोंड जवळजवळ सगळं पक्कं होतं. एका कोपऱ्यात, जिथे तीन वर्षांपूर्वी तिनं पदवीचं प्रमाणपत्र घालून परत चिकटवलं होतं, तिथे दोऱ्याएवढी फट राहिली होती. बाकी सगळे कागद कोरडे होते. पदवीच्या प्रमाणपत्राचा एक कोपरा भिजला होता आणि त्यावरचा निळा शिक्का पसरला होता.

आई त्या निळ्या डागाकडे बघत होती. "माझ्या हातानं राहिलं," ती म्हणाली.

"चुकलेल्यांची रांग आहे आज," काका म्हणाले. "तुमचा नंबर तिसरा. माझ्या आणि हिच्या मागे."

काकी इस्त्री घेऊन आल्या. काकांनी ती काढून घेतली. शाळेतून निवृत्त होताना त्यांनी टिपकागदाची एक चळत घरी आणली होती. त्यात प्रमाणपत्र ठेवलं, वर पाटा ठेवला. रविवारी दिवसभर तासातासाला ते कागद बदलत होते. मला हात लावू दिला नाही.

सोमवारी पालघरला टेबलापलीकडच्या साहेबांनी प्रमाणपत्र उचललं, कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय?"

'खराब झालं साहेब' हे शब्द माझ्या जिभेवर होते. तेवढंच बोलून मान खाली घालायची, हेच मी तोपर्यंत प्रत्येक टेबलासमोर करत आलो होतो. पण तीन वर्षं मी त्या घरात राहिलो होतो. मी म्हणालो, "साहेब, काय झालं ते क्रमानं सांगतो." आणि सांगितलं. उशी, दिव्यावर चिकटवलेली पिशवी, मिचकावणारा दिवा, भिंतीतला आवाज, काळी पिन. कागद मशीनमध्ये किती वेळ फिरत होते हे त्यांनी विचारलं तर सुमारे पस्तीस मिनिटं, अर्धं पातेलं वाल, असंही सांगितलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई लिहायच्या थांबल्या होत्या. साहेबांनी प्रमाणपत्रावरचा क्रमांक माझ्या शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेशी ताडून पाहिला, दोन्हींवरच्या सह्या पाहिल्या, आणि 'शिक्का अस्पष्ट, क्रमांक जुळतो' असा शेरा मारून सही केली.

"सॉकेट बदललं का?" त्यांनी कागद परत देताना विचारलं.

"काल संध्याकाळी, साहेब."

"आणि स्क्रू?"

"दोघांनी तपासला. काकांनी आणि आईनं."

नोकरी लागली. पुढच्या वर्षी मी खोली सोडली आणि नेमणुकीच्या गावी राहायला गेलो. काका-काकींना महिन्यातून एकदा फोन करायचो. सुरुवातीला काका विचारायचे, काम कसं आहे, साहेब कसे आहेत, ऑफिसच्या सॉकेटांना हात लावू नकोस. मग एकदा त्यांनी माझं काही विचारलंच नाही. म्हणाले, "आई कधी येते?"

"का हो?"

"मिक्सर. चालू केला की मध्येच आवाज बदलतो, परत नीट होतो. मला काही सापडत नाहीये. माझं ऐकून ऐकून कान मेले. तिला ऐकवायचाय."

"मग दुरुस्तीला का नाही देत?"

फोन काकींनी ओढून घेतला. "दीकरा, तीन आठवडे झाले. हात लावू देत नाहीत. साक्षीदार यायचाय म्हणे. मी पाट्यावर वाटतेय. तुझ्या आईला पाठव बाबा."

रविवारी मी आईला घेऊन गेलो. काका फाटकापर्यंत आले होते. चहाही झाला नव्हता, त्यांनी मिक्सर स्टुलासमोर आणून ठेवला, भांड्यात ओलं खोबरं घातलं आणि वही उघडून उभे राहिले. मी सवयीनं म्हणालो, "आई, आधी जरा बसून चहा घे ना."

"तू तुझं काम कर," आई म्हणाली. स्टुलावर नीट बसली, कानावरचा पदर मागे सारला आणि काकांना म्हणाली, "हां. चालवा."